‘उत्क्रांती’मधला ‘उत्’

गेल्या उन्हाळ्यात घरातले जुने दिवाळी अंक आवरताना माझाच एक लेख हाती लागला. डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पिसीज’ला २००९मध्ये १५० वर्षे झाली, त्या निमित्ताने लिहिलेला. त्यातले एक वाक्य असे : ‘उत्क्रांती ही अत्यंत संथ, लाखो वर्षे चालणारी आणि साध्याकडून प्रगताकडे नेणारी प्रक्रिया आहे.’ तेव्हा हे वाक्य मला इतके बिनधोक वाटले होते की त्याला आधार द्यावा असेही मनात आले नाही. संपादकांनी हटकले नाही, वाचकांची पत्रे आली त्यांतही कोणी शंका काढली नाही. आज ते वाक्य वाचताना मला संकोच वाटतो. त्यातले ‘संथ’ अर्धे खरे आहे, ‘लाखो वर्षे’ काही ठिकाणी खरे आहे आणि ‘साध्याकडून प्रगताकडे’ चूक आहे.

प्रस्तुत लेख हा त्या वाक्याचा पंचनामा आहे. पण आरोपी मी एकटा नाही. आपले बहुतेक मराठी विज्ञानलेखन, व्याख्याने आणि वर्गातले फळेही याच वाक्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या लिहीत आले आहेत. म्हणून टीका स्वतःपासून सुरू करून पुढे नेतो.

मी प्राध्यापक नाही. बारावी विज्ञाननंतर सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागलो आणि उत्क्रांतीविषयी जे काही कळले ते पाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयात आणि पुढे मिळतील तिथून मिळवलेल्या शोधनिबंधांत वाचून. त्यामुळे माझी समजूत पुस्तकी होती. तिला पहिला धक्का पुस्तकाने दिला नाही, दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेने दिला.

अण्णांची बाग

माझे मामेभाऊ, ज्यांना मी अण्णा म्हणतो, त्यांची तीन एकर बाग आहे. काही वर्षांपूर्वी गोडी छाटणीनंतर पाऊस रेंगाळला. पानांवर तेलकट पिवळे डाग आणि पानाखाली पांढरी बुरशी, म्हणजे केवडा, दिसू लागला. अण्णांनी औषध मारले. चार दिवसांनी डाग वाढलेले. दुकानदाराने दुसरे औषध दिले, मग तिसरे. तिन्हींची नावे वेगळी, डबे वेगळे, किमती चढत्या. केवडा फुलोऱ्यातल्या घडांत उतरला आणि दोन एकर बाग गेली. मी भेटायला गेलो तेव्हा अण्णा बांधावर बसून होते. म्हणाले, ‘‘अरे, रोगाला सवय झाली आता औषधाची. डोस वाढवायला पाहिजे होता.’’

मी मान डोलावली. तेव्हा मलाही तसेच वाटले. परत निघताना सहज म्हणून तिन्ही रिकाम्या डब्यांवरची बारीक अक्षरे वहीत उतरवून घेतली : अ‍ॅझॉक्सिस्ट्रॉबिन, फेनामिडोन, पायराक्लोस्ट्रोबिन. नंतरच्या दोन डब्यांत सोबत आणखी एकेक औषध मिसळलेले होते, पण रोग इतका पुढे गेल्यावर त्याचा उपयोग झाला नाही. बुरशीनाशकांच्या प्रतिकाराचा अभ्यास करणारी ‘फ्रॅक’ नावाची आंतरराष्ट्रीय समिती आहे. ती औषधांना त्यांच्या काम करण्याच्या पद्धतीनुसार गट क्रमांक देते. ही तिन्ही औषधे गट क्रमांक ११ची निघाली. तीन किल्ल्या, पण कुलूप एकच.

ते कुलूप समजून घेतले पाहिजे. केवड्याचे शास्त्रीय नाव प्लाझमोपारा व्हिटिकोला. काटेकोर बोलायचे तर ही बुरशी नाही, तपकिरी शैवालांच्या गोतावळ्यातला जीव आहे. पण बागेत तिला बुरशीच म्हणतात, मीही म्हणतो. तिच्या पेशीतल्या मायटोकाँड्रियात सायटोक्रोम-बी नावाचे प्रथिन असते. पेशीला ऊर्जा मिळण्याच्या साखळीतला तो एक दुवा. गट ११ची औषधे नेमकी तिथे जाऊन बसतात आणि ऊर्जा तोडतात. या प्रथिनाच्या १४३व्या जागी ग्लायसिन नावाचा घटक असतो. त्याच्या जागी अ‍ॅलानिन आला की औषध बसेनासे होते आणि प्रथिनाचे काम मात्र चालू राहते. एवढा बदल घडायला जनुकातले एक अक्षर पुरते : जीजीटी या शब्दाचे जीसीटी व्हायचे, बस्स. ज्या बुरशीत हे एक अक्षर बदलले आहे तिच्यावर डोस दुप्पट करा, चौपट करा, फरक पडत नाही.

ही औषधे १९९६च्या सुमारास युरोपात बाजारात आली आणि शतक संपता संपता तिथल्या द्राक्षबागांतील केवड्यात प्रतिकार दिसू लागला. महाराष्ट्रातील बागांमधल्या केवड्यात हाच प्रतिकार असल्याचे मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या संशोधकांनी २०१६मध्ये ‘प्लँट डिसीज’ या नियतकालिकात नोंदवले. युरोपात औषध येण्यापासून ते हरण्यापर्यंत तीन-चार वर्षे गेली. माझ्या लेखातल्या ‘लाखो वर्षां’चे काय करायचे?

शब्दावर लादलेली दोन ओझी

मला वाटते, चुकीची पहिली जागा शब्दात आहे. ‘उत्क्रांती’ म्हणजे उद् अधिक क्रम : वर किंवा बाहेर पाऊल टाकणे. वेदान्तात हा शब्द जीवाने देह सोडून जाण्यासाठी येतो. आधुनिक मराठीत तो जीवशास्त्रासाठी रुळला तेव्हा त्यातला ‘उत्’ आपल्या कानांना ‘उन्नती’, ‘उत्कर्ष’, ‘उत्थान’ यांच्या रांगेतला वाटू लागला. हे पहिले ओझे : दिशा वरची.

दुसरे ओझे राजकारणातून आले. ‘क्रांती नको, उत्क्रांती हवी’ हे आपण भाषणांतून ऐकत आलो आहोत. इथे उत्क्रांती म्हणजे सबुरीने, कोणाला धक्का न लावता होणारा बदल. या जोडीमुळे शब्दाला वेगही चिकटला : गती संथ. म्हणजे विद्यार्थ्याने एकही सजीव पाहण्याआधी, केवळ शब्द ऐकूनच, दोन निष्कर्ष त्याच्या मनात घर करतात. बदल वरच जातो आणि हळूच जातो.

इंग्रजी शब्दही फार निर्दोष नाही. त्याचे लॅटिन मूळ गुंडाळी उलगडण्याचे आहे, म्हणजे आत आधीच लिहिलेले होते ते बाहेर आले, असा त्याचा भाव. डार्विनने १८५९च्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हे नाम वापरलेच नाही. ते १८७२च्या सहाव्या आवृत्तीत आले. ‘फेरफार होत चाललेली वंशपरंपरा’ अशा अर्थाची त्याची आवडती संज्ञा होती. ‘उच्च’ आणि ‘नीच’ हे शब्द टाळायचे, अशी तंबी त्याने एका पुस्तकाच्या समासात स्वतःलाच लिहून ठेवली होती. दिशेच्या बाबतीत तो सावध होता. वेगाच्या बाबतीत मात्र तो स्वतःच संथपणाचा पुरस्कर्ता होता. निवड फार हळू काम करते, असे त्याला प्रामाणिकपणे वाटे. त्यामुळे ‘संथ’ या विशेषणाचा सगळा दोष मराठीवर टाकणे बरोबर नाही. त्याच्यानंतर शंभरावर वर्षे मोजमापे झाली, ती आपण वाचली नाहीत, हा दोष आपला.

मराठी विश्वकोशातील जीवविज्ञानाच्या नोंदींत ‘क्रमविकास’ हा शब्द भेटतो. त्यात ‘उत्’ नाही हे चांगले, पण ‘विकास’ आहेच. दहावीच्या विज्ञानाच्या आपल्या राज्याच्या पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचे प्रकरण आहे. २०२३मध्ये ‘एनसीईआरटी’च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला, त्या पार्श्वभूमीवर आपल्या पुस्तकात तो आहे ही समाधानाची गोष्ट. परंतु तिथेही विषयाची ओळख करून देताना ही फार सावकाश चालणारी आणि सजीवांचा विकास साधणारी प्रक्रिया असल्याचे सांगितले जाते. दोन्ही ओझी व्याख्येतच आली. त्याच्या जोडीला भिंतीवरचे ते प्रसिद्ध चित्र : ओणव्या वानरापासून ताठ माणसापर्यंतची रांग. १९६५ साली टाइम-लाइफच्या एका पुस्तकासाठी रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराने काढलेल्या पटाची ही लेकरे-नातवंडे. रांगेतला प्रत्येक जण पुढच्याचा बाप असल्यासारखा दिसतो आणि शेवटचा माणूस पोहोचला म्हणून प्रवास संपल्यासारखा वाटतो.

वेग कशाने मोजायचा?

‘उत्क्रांती संथ की वेगवान’ हा प्रश्न वेग मोजण्याचे एकक ठरवल्याशिवाय निरर्थक आहे. ते एकक सुचवले जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९मध्ये. हे तेच हॉल्डेन, जे १९५७मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांनी एककाला ‘डार्विन’ असे नाव दिले. जीवाश्मांमधल्या घोड्यांच्या दाढा मोजून त्यांनी काढलेला वेग साधारण दहा लाख वर्षांत चार टक्के इतका होता.

आता दुसरे मोजमाप. गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होते. १९७७मध्ये दुष्काळ पडला. मऊ, बारीक बिया संपल्या आणि टणक, मोठ्या उरल्या. त्या फोडू न शकणारे पक्षी मेले. पुढच्या पिढीत चोचीची जाडी सरासरी चार टक्क्यांच्या आसपास वाढलेली होती. दाढेला चार टक्क्यांसाठी दहा लाख वर्षे, चोचीला एक दुष्काळ.

मग ही चोच शंभर वर्षे दरसाल चार टक्के वाढली तर? चक्रवाढीने ती पन्नास पट होईल, पक्ष्यापेक्षा चोच मोठी. तसे होत नाही, कारण १९८३मध्ये एल निनोने धो धो पाऊस आणला, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि निवडीचे वारे उलटे फिरले. आता लहान चोचींचे पक्षी जास्त टिकले. फिलिप गिंजरिच यांनी १९८३मध्ये प्रयोगशाळेतली, नव्या मुलखात पसरलेल्या प्राण्यांची आणि जीवाश्मांची मिळून ५२१ मोजमापे एकत्र मांडली. त्यांना दिसले की मोजणीचा कालावधी जितका लांब, तितका वेग कमी भरतो. लांबच्या मोजणीत चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात.

नाशिककराला हे समजावायला गॅलापागोसला जायची गरज नाही. गोदावरीच्या पुराचे माप आपण रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीवर घेतो : पाणी गुडघ्याला, कमरेला की खांद्याला. एखाद्याने दर दिवाळीलाच येऊन मारुतीचे पाय पाहिले तर नदी जागची हलत नाही, अशी त्याची खात्री होईल. पुरात उभा असलेला माणूस वेगळे सांगेल. जीवाश्म ही दिवाळीतली भेट आहे, अण्णांची बाग हा पूर आहे. दोन्ही नोंदी खऱ्या. माझी चूक अशी की मी एकच नोंद वाचली आणि तिला नदीचा स्वभाव म्हटले.

नव्या जाती वेगळ्या होणे, पंख किंवा डोळा घडणे, हे बदल बहुधा दीर्घ काळाचे असतात, त्याबद्दल वाद नाही. पण त्या लांबच्या वाटेवरचे प्रत्येक पाऊल पिढ्यांच्या हिशेबात पडते आणि ते पाऊल बघता येते.

वेग ठरवणाऱ्या गोष्टी

पाऊल केव्हा झपझप पडते आणि केव्हा अडते? केवड्याच्याच उदाहरणावरून पाहू.

पहिली गोष्ट पिढीची लांबी. अनुकूल हवेत केवड्याची एक फेरी, म्हणजे लागण होऊन नवे बीजाणू तयार होणे, चार ते दहा दिवसांत होते. माणसाची एक पिढी होते तेवढ्यात तिच्या शेकडो होतात.

दुसरी संख्या. निवडीला माल लागतो आणि माल म्हणजे आधीच असलेले वैविध्य. जनुकाची नक्कल होताना एखादे विशिष्ट अक्षर चुकण्याची शक्यता, हिशेबापुरती, शंभर कोटींत एक धरू. हजार बीजाणूंत ती चूक सापडणार नाही. पण रोगट शिवारात कोट्यवधी बीजाणू तयार होत असतात, तिथे ती कुठे ना कुठे औषध मारण्याआधीच हजर असते. औषध तिला जन्म देत नाही, औषध तिला मोकळे रान देते.

तिसरी गोष्ट निवडीची धार. ज्या शिवारात सगळे जण त्याच आठवड्यात त्याच गटाचे औषध मारतात, तिथे संवेदनशील बुरशी जवळजवळ साफ होते आणि मागे राहिलेल्या एकीला सगळी पाने मिळतात.

चौथी गोष्ट मला सर्वांत उद्बोधक वाटते : किती बदल एकाच वेळी लागतात. इथे मोरचूद आठवा. फ्रान्समधल्या बोर्दोच्या आसपास रस्त्याकडेच्या वेलींवर, वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून, मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींवर केवडा कमी असल्याचे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले आणि १८८५मध्ये बोर्डो मिश्रण जाहीर झाले. त्याला आज सुमारे १४० वर्षे झाली. तीच बुरशी, तेवढ्याच झटपट पिढ्या, तेवढीच अफाट संख्या. पण अडचण व्हावी असा प्रतिकार तांब्याविरुद्ध केवड्यात उभा राहिलेला नाही. कारण तांबे पेशीत एका जागी न बसता अनेक प्रथिनांवर एकदम घाव घालते. एक अक्षर बदलून सुटका नाही. दोन स्वतंत्र चुका एकाच बीजाणूत एकदम व्हायच्या तर वरच्या हिशेबाने शक्यता एकावर अठरा शून्यांत एक होते. (तांबे जमिनीत साठत जाते, म्हणून त्याचाही वापर बेतानेच हवा, ही वेगळी बाब.)

पाचवी गोष्ट जीवाचा स्वतःचा इतिहास. निफाड तालुक्यात द्राक्षे आहेत तशीच गव्हाच्या संशोधनाची जुनी परंपरा आहे. ‘त्र्यंबक’ आणि ‘तपोवन’ हे गव्हाचे वाण तिथलेच. गव्हाचा शत्रू तांबेरा. या तांबेऱ्यालाही सायटोक्रोम-बी आहे आणि त्यातही १४३वी जागा आहे. पण तांबेऱ्याच्या जनुकात त्या जागेला लागूनच एक मधला तुकडा येतो, जो प्रथिन घडण्याआधी कापून टाकावा लागतो. ते अक्षर बदलले तर कापणीच चुकते, प्रथिन तयार होत नाही आणि बुरशी मरते. केवड्याला जी वाट मोकळी, ती तांबेऱ्याला बंद. आणि हाच तांबेरा गव्हाच्या नव्या वाणातला प्रतिकार मात्र पुन्हा पुन्हा मोडत आला आहे. म्हणजे अमुक जीव ‘झपाट्याने उत्क्रांत होणारा’ असे म्हणण्याआधी ‘कशाच्या बाबतीत’ हे विचारले पाहिजे.

सहावी गोष्ट बाहेरून येणारे रक्त. त्यासाठी बागेतून कपाशीच्या रानात, मालेगाव-येवल्याकडे जाऊ.

बोंडअळी आणि पाच ओळी

बीटी कपाशीला भारतात मार्च २००२मध्ये परवानगी मिळाली. त्या वेळी अट होती : शेताच्या कडेने पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जास्त असेल तेवढी साधी, बीटी नसलेली कपाशी लावायची. अनेक शेतकऱ्यांना ही अट खुळी वाटली. अळीसाठी मुद्दाम पंगत कोण वाढेल?

पण या पाच ओळी म्हणजे वेगाला लावलेला लगाम होता. प्रतिकार देणारी जनुके बहुधा दबकी असतात. आई आणि बाप दोघांकडून मिळाली तरच अळी बीटीवर जगते. बीटी कपाशीवर जगून निघालेला एखादा प्रतिकारक्षम पतंग साध्या कपाशीवरच्या शेकडो साध्या पतंगांपैकी एखाद्याशी जुळला, तर त्यांची पिल्ले पुन्हा बीटीवर मरतात. साध्या ओळी नसतील तर प्रतिकारक्षम पतंगाला जोडीदारही तसाच मिळतो. (केवड्यात ही सोय नाही. त्याचा तो बदल मायटोकाँड्रियातल्या जनुकात आहे, तिथे साध्या जोडीदाराकडून झाकले जाण्याचा प्रश्न येत नाही.)

सोबतची साधी पाकिटे कित्येकदा पेरलीच गेली नाहीत. त्यात आपल्याकडचे लांब मुदतीचे संकरित वाण आणि पाणी असेल तिथे मार्चपर्यंत ठेवलेली फरदड, म्हणजे गुलाबी बोंडअळीला निवडीच्या जादा फेऱ्या. २०१०मध्ये गुजरातेतल्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नसल्याचे कंपनीनेच जाहीर केले. दोन जनुकांचे दुसरे बीटी २००६मध्ये आले होते, पण अळीने पहिल्याचे कुलूप उघडलेले असताना दुसऱ्यावर एकट्याने भार आला. २०१७च्या हंगामात महाराष्ट्रात कपाशीची काय दशा झाली ते सर्वांना आठवत असेल.

तीच अळी, तेच जनुक, पण अमेरिकेत दुसरे घडले. तिथे साध्या कपाशीची अट पाळली गेली, पुढे नपुंसक केलेले पतंग विमानाने सोडले गेले आणि २०१८मध्ये तिथल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. अळीची उत्क्रांती इथे वेगाने आणि तिथे धीम्याने झाली, यात अळीचा गुण किंवा दोष किती? वेग हा जीवाच्या अंगात नसतो, जीव आणि परिस्थिती यांच्या व्यवहारात असतो, आणि शेतात त्या व्यवहाराचा मोठा हिस्सा आपला असतो.

‘कोणी पाहिले आहे?’

जानेवारी २०१८मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी आपल्या औरंगाबादेत सांगितले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, वानराचा माणूस होताना कोणी पाहिलेले नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी मिळून त्याचा प्रतिवाद केला, हे योग्यच झाले. त्या आठवड्यात नाशिकमध्ये एका छोट्या सभेत मलाही बोलावले होते. मी उत्तर दिले : ‘‘पाहणार कसे? त्याला लाखो वर्षे लागतात.’’ टाळ्या पडल्या.

आज ते उत्तर मला कच्चे वाटते. मी प्रतिपक्षाचे चित्रच मान्य केले होते. तेच शिडीचे चित्र, तीच कासवाची चाल. फक्त ते म्हणत होते की असे घडले नाही आणि मी म्हणत होतो की घडले, पण दिसणार नाही. खरे उत्तर सभागृहापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर पानाखाली पांढरे उमटलेले होते. माणसाच्या पूर्वजांचा पुरावा जीवाश्मांत आणि जनुकांत भक्कम आहेच. पण ‘कोणी पाहिले’ या प्रश्नाला ‘आम्ही पाहिले, आणि त्यात आमची बाग गेली’ असे सांगणारे हजारो साक्षीदार या जिल्ह्यात आहेत. आम्ही त्यांना साक्षीला बोलावले नाही, कारण त्यांनी पाहिले त्याला आम्ही उत्क्रांती म्हणतच नव्हतो.

आणि तेही म्हणत नव्हते. ते म्हणत होते ‘सवय’. हा शब्द दिसायला निरुपद्रवी आहे, पण किंमत तिथेच मोजावी लागते. सवय लागते ती एका जिवाला, त्याच्या आयुष्यात. दारू पिणाऱ्याला जास्त लागते, तसे रोगाला जास्त औषध लागेल, असा निष्कर्ष त्यातून आपोआप निघतो. मग डोस वाढतो, फवारण्या वाढतात आणि उरलीसुरली साधी बुरशी मरून प्रतिकारक्षमेला आणखी जागा होते. ज्या बुरशीवर औषध पडले तिला सवय झाली नाही, ती मेली. जिला बाधा झाली नाही ती वेगळीच होती, आधीपासून. शब्द बदलला की उपायही बदलतो : डोस चढवण्याऐवजी गट बदलणे, एका गटाच्या फवारण्या हंगामात मोजक्या ठेवणे, अनेक जागी घाव घालणारे औषध सोबत घेणे.

हे सगळे मी अण्णांना एकदा बसून सांगितले. जनुक, उत्परिवर्तन, निवड, असे माझे चालले होते. ते शांतपणे ऐकत होते. त्यांच्याकडे उन्हाळ कांदाही असतो. काढणीनंतर एकसारखे, घट्ट, रंगाला उजवे कांदे निवडून ते बाजूला ठेवतात, पुढे ते लावून डोंगळे घेतात आणि घरचे बी धरतात. माझे संपल्यावर म्हणाले, ‘‘म्हणजे आपणच केवड्याचं बी धरलं म्हण की. नको ते सगळं काढून टाकलं आणि नेमकं तेवढं राखलं.’’

मला यापेक्षा नेमके वाक्य सुचलेले नाही. डार्विननेही आपल्या पुस्तकाचे पहिले प्रकरण पाळीव प्राणी आणि पिके यांवरच लिहिले, कबुतरे पाळणाऱ्यांमध्ये तो स्वतः जाऊन बसला. निवड समजायला लागणारा अनुभव आपल्या शेतकऱ्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. आपण विज्ञानलेखकांनी त्याला तो अनुभव सोडून शिडीचे चित्र दाखवले.

‘उत्क्रांती’ हा शब्द टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. तो आता रुजला आहे आणि नवा शब्द घडवून पाठ्यपुस्तक सुधारत नाही. मागणी एवढीच आहे की व्याख्येतला ‘विकास’ आणि ‘सावकाश’ काढावा. त्या जागी पिढीगणिक वंशात होणारा बदल आणि त्याचा वेग कशाकशाने ठरतो, हे यावे. जिराफाची मान राहू द्या, पण तिच्या शेजारी केवडा लागलेले द्राक्षाचे पान छापा. निफाड-दिंडोरीतल्या मुलाला जिराफ पाहायला प्राणिसंग्रहालय गाठावे लागते, ते पान त्याच्या घरी असते.

अण्णा आता डब्यावरचे नाव वहीत लिहीत नाहीत, गटाचा क्रमांक लिहितात. त्या वहीच्या शेवटच्या पानावर मी माझे २००९चे वाक्य लिहून खाली दुरुस्ती केली आहे. ‘प्रगताकडे’ खोडले आहे, ‘लाखो वर्षे’ खोडले आहे आणि ‘संथ’च्या पुढे प्रश्नचिन्ह टाकले आहे.